व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅप: एका फराळवालीचा रिव्ह्यू (4 स्टार)

आधीच सांगते, मी मोबाईलमधली एक्सपर्ट वगैरे अजिबात नाही. डोंबिवली ईस्टला घरून फराळाचा बिझनेस करते. दिवाळीचा फराळ, गणपतीत उकडीचे मोदक, होळीला पुरणपोळ्या आणि मधल्या महिन्यांत चकली-चिवडा-लाडू चालूच. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सोसायटीतल्या दोन आजींना डबा देता देता सुरू झालं आणि मग कोणी कोणाला नंबर दिला देव जाणे. आता दोन मदतनीस ताया आहेत, पीठ मळायचं मशीन आहे आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर आमचे हे स्कूटरवरून डिलिव्हरी करतात (कुरकुर करत, पण करतात).

हे अ‍ॅप मी 2021 पासून वापरतेय. पण खरं सांगायचं तर पहिली दोन-अडीच वर्षं मी ते साध्या व्हॉट्सअ‍ॅपसारखंच वापरलं, म्हंजे चार्जर घेतला आणि प्लग लावलाच नाही असं काहीतरी. त्यातली जी सेटिंग्ज कामाची होती ती मी 2023 च्या दिवाळीनंतर उघडली, आणि ती का उघडली ते सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू कळणार नाही, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

2023 ला आम्ही 190 किलो फराळ केला. त्याच्या आदल्या वर्षी 110 होता. सगळे म्हणाले वा वा काय ग्रोथ आहे, मी पण म्हणाले वा वा. नवरात्रापासूनच फोन वाजायला लागला होता, सकाळी सहाला "ताई चकली तिखट का कमी तिखट", रात्री साडेअकराला "चिवड्यात खोबरं घालता का, आमच्या ह्यांना चालत नाही", आणि रात्री एकला न्यूजर्सीहून कोणाची तरी सून, कारण आपल्याकडे रात्रीचा एक म्हणजे तिकडे दुपारचे साडेतीन, तिची काय चूक. आणि मी प्रत्येकाला उत्तर देत होते. लगेच. कारण मनात भीती की दोन मिनिटं उशीर झाला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. हात बेसनात, फोन ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवलेला, करंगळीने स्क्रीन उघडायची आणि व्हॉइस मेसेज टाकायचा. त्या फोनच्या कव्हरमधून आजही तुपाचा वास येतो.

मग एका दुपारी 3 किलो बेसन भाजत होते. ज्यांनी बेसनाचे लाडू केलेत त्यांना माहितीये, मंद आचेवर पाऊण तास हात थांबवायचा नाही, आणि रंग बदलायला लागला की शेवटची पाच-सात मिनिटं तर मान वळवायची पण सोय नाही. नेमका तेव्हा मेसेज आला, "दरपत्रक पाठवा ना". मी दरपत्रकाचा फोटो शोधत बसले गॅलरीत. साताठशे फोटोंमधून. वास आला तेव्हा खालचा थर काळा झाला होता आणि जळक्या बेसनाचं असं आहे की वरचं चांगलं दिसलं तरी कडवटपणा सगळ्यात उतरतो, पूर्ण 3 किलो बेसन नि वरचं तूप गेलं कचऱ्यात. मला रडू पण नाही आलं. नुसतं वाटलं, बरं झालं, तेवढे लाडू वळायचे वाचले. आणि हे वाटलं त्याचीच मला नंतर भीती वाटली, कारण लाडू वळायला मला आवडतं हो, ह्या धंद्यात मी आलेच त्याच्यासाठी.

भाऊबीजेला भाऊ पाटावर बसला आणि मी ताम्हण तयार करता करता भिंतीला टेकून झोपून गेले. तो बिचारा वीस मिनिटं टोपी घालून तसाच बसून राहिला, उठवलं नाही मला.

लेकीने मग मोबाईलवर काहीतरी वाचून दाखवलं की जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये हे बर्नआउट प्रकरण त्यांच्या आजारांच्या यादीत नमूद केलंय, पण आजार म्हणून नाही, कामातून येणारी अवस्था म्हणून. तीन खुणा दिल्यात: अंगातली ताकद संपणं, कामाचा वीट येऊन त्यापासून मन लांब जाणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाहीये असं वाटत राहणं. मी म्हटलं तिन्ही आहेत, चौथी असेल तर ती पण लिही. "मग सुट्टी घे ना आई." आता सुट्टी कोणाकडे मागू, मालकीण पण मीच नि कामगार पण मीच.

तर त्या डिसेंबरात बसून मी आणि लेकीने ह्या अ‍ॅपची सेटिंग्ज एकेक करून उघडली. आता खरा रिव्ह्यू.

सगळ्यात आधी क्विक रिप्लाय. माझ्या मते ह्या एका गोष्टीसाठी अ‍ॅप घ्यावं. तेच तेच उत्तर एकदा लिहून ठेवायचं, त्याला छोटं नाव द्यायचं, आणि चॅटमध्ये तिरकी रेघ टाइप केली की यादी उघडते, बोट लावलं की झालं. 50 पर्यंत ठेवता येतात, माझे 14 आहेत. दरपत्रक फोटोसकट त्यातच आहे, म्हंजे ते बेसन जळायची गरज नव्हती, ही सोय तेव्हा पण फोनमध्येच होती. माझा सगळ्यात लाडका रिप्लाय अनारशांचा आहे. दर वर्षी निदान वीस जण धनत्रयोदशीला विचारतात "उद्या अनारसे मिळतील का?" अहो कसे मिळतील, तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग फडक्यावर निथळून ओलसर असतानाच दळायचे, गूळ घालून गोळा मुरवत ठेवायचा, एवढं करून पण तुपात सोडल्यावर हसला (म्हंजे फुटून पसरला) तर हसला! हे सगळं मी पूर्वी प्रत्येकाला हातानं टाइप करून समजावायचे आणि शेवटी स्वतःच वैतागून थोडं तुसडं उत्तर जायचं. आता एक बोट. शांत, गोड भाषेत, कारण ते लिहिलं तेव्हा मी शांत होते. हा फायदा मला कोणी सांगितला नव्हता, की मेसेज जानेवारीत लिहून ठेवला की ऑक्टोबरमधल्या चिडक्या बाईच्या हाती तो पडत नाही.

मग अवे मेसेज, म्हंजे तुम्ही नसताना आपोआप जाणारा निरोप. ह्यात कायम पाठवा, ठरावीक वेळेत पाठवा, किंवा दुकानाच्या वेळेबाहेर पाठवा असे तीन पर्याय आहेत. मी वेळ टाकली सकाळी 10 ते रात्री 8. इथे मी दोन घोळ घातले, दोन्ही माझेच, अ‍ॅपचा काही दोष नाही.

पहिला घोळ असा की घरचा आणि धंद्याचा नंबर एकच. त्यामुळे एका रात्री नणंदेने लिहिलं, "वहिनी, आईंना ताप आहे, उद्या येता का?" आणि तिला उत्तर गेलं: "नमस्कार, आपल्या ऑर्डरबद्दल धन्यवाद! आमची वेळ सकाळी 10 ते रात्री 8 आहे. आपला फराळ प्रेमाने बनवला जाईल." नणंद अजून प्रत्येक लग्नात हे सांगते. कोणाला निरोप जावा हे निवडता येतं, सगळ्यांना, किंवा फोनबुकात नसलेल्यांनाच, किंवा अमुक लोक सोडून, पण मी ते बघितलंच नव्हतं. शेवटी सरळ दुसरं सिम घेतलं. एकच नंबर साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही, पण दोन नंबर असतील तर दोन्ही अ‍ॅप एकाच फोनवर मजेत राहतात. जो कोणी आत्ता सुरू करत असेल त्याने पहिल्या दिवसापासून नंबर वेगळा ठेवा, नंतर बदलताना 400 लोकांना कळवत बसावं लागतं, मी बसलेय.

दुसरा घोळ: मला वाटलं रात्री नेट बंद करून ठेवलं की शांतता, आणि निरोप आपला जाईलच. तो जात नाही. निरोप तुमच्या फोनवरूनच जातो, फोनला नेट नसेल तर पलीकडच्याला काहीच मिळत नाही, म्हणजे आठवडाभर लोकांना वाटत होतं बाई उत्तरच देत नाही. आता नेट चालू ठेवते आणि तो नंबर सायलेंटवर टाकून फोन देवघराच्या खालच्या कप्प्यात.

आणि एवढं सगळं करून पण पहिले दोन महिने काही फरक पडला नाही. का, तर निरोप जायचा "आम्ही सकाळी 10 नंतर उत्तर देऊ" आणि पाठोपाठ मी स्वतःच 9:40 ला लिहायची, "हो बोला ना ताई". लेक म्हणाली, आई तू दुकानाचं शटर लावून मागच्या दाराने माल विकतेयस. गिऱ्हाइकं सवयीची असतात, त्यांना एकदा कळलं की ही बाई निरोपानंतर पण उत्तर देते, की ते निरोपाकडे ढुंकून पण बघत नाहीत. मी थांबले तेव्हा ते थांबले, आणि मला वाटलं होतं निम्मे जातील, तर तसलं काही झालं नाही. एक आजोबा आहेत, विष्णुनगरचे, त्यांना रात्री नवालाच ऑर्डर आठवते. निरोप गेला की ते त्याला उत्तर देतात, "बरं बरं, झोपा." प्रत्येक वेळी. मशीनला.

रागावलेले पण होते हं. एका बाईंनी लिहिलं की एवढा भाव खायला तुम्ही काय चितळे आहात का. मला हसूच आलं, कारण पुण्यात चितळ्यांचं दुकान दुपारी बंद ठेवण्यावरून इतकी वर्षं जग हसलं, तरी बाकरवडी विकली जायची ती जातच होती, दुपारची झोप काय कमी महत्त्वाची आहे का! पण तसं उत्तर नाही दिलं मी, क्विक रिप्लाय नंबर 6 पाठवला.

कॅटलॉग बद्दल थोडक्यात. फोटो, दर, वजन टाकून ठेवायचं, 500 वस्तूंपर्यंत जागा आहे, माझ्या 22 आहेत. लोक त्यातूनच कार्टमध्ये टाकून ऑर्डर पाठवतात त्यामुळे "अर्धा किलो म्हटलं होतं का एक" ही भांडणं कमी झाली. पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते वस्तू लपवायचं बटण. करंज्यांचं प्रमाण संपलं की करंजी लपवून टाकायची. आधी मला "नाही" म्हणता यायचं नाही, कोणी म्हटलं ताई फक्त पंचवीसच करंज्या हो, की मी हो म्हणायची आणि मग रात्री बाराला साटा लावत बसायची. आता वस्तू दिसतच नाही तर मागणार काय. तोंडाने नाही म्हणण्यापेक्षा हे फार सोपं पडतं, निदान माझ्यासारख्या भिडस्त बाईला.

लेबल मात्र मी जास्तच मनावर घेतलीत. रंगीत चिठ्ठ्या असतात, नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले, ऑर्डर पूर्ण, वगैरे तयार मिळतात आणि आपली पण करता येतात, एकूण 20. मी आठवड्याप्रमाणे लेबल केलीत आणि प्रत्येक आठवड्याला 35 किलोची मर्यादा वहीत लिहिलीये. हा आकडा कुठून आला? दोन ताया, मी, दोन शेगड्या, आणि भाजणी दळून आणणारा गिरणीवाला जो गुरुवारी बंद असतो. 2023 मध्ये हा हिशोब मी कधी केलाच नव्हता, ऑर्डर येतील तेवढ्या घेत गेले आणि शेवटच्या नऊ दिवसांत 90 किलो करायचा बाकी राहिला. त्यात घाईत चकलीला मोहन जास्त पडलं आणि एक अख्खा घाणा तेलात विरघळला, ते वेगळंच. आता लेबलवर आकडा भरत आला की पुढच्या आठवड्यात ढकलते, आणि दिवाळीच्या आधी पंधरा दिवस ऑर्डर बंद.

2024 ला असं करून 140 किलो झाला, म्हंजे 50 किलो कमी. नवऱ्याने भुवया उंचावल्या. पण बसून हिशोब केला तर वाया गेलेला माल नाही, तायांना रात्रीचे जादा पैसे नि रिक्षाभाडं नाही, आयत्या वेळी कोपऱ्यावरून महाग आणलेलं तूप नाही, हातात पडलेली रक्कम आधीच्या वर्षापेक्षा साडेचार हजारांनीच कमी होती. 2025 ला किलोमागे 40 रुपये वाढवले. अकरा जण गेले. त्यातली एक परत आली, दहा नाही आली, आणि त्यातल्या दोघी माझ्या सोसायटीतल्या आहेत त्यामुळे लिफ्टमध्ये अजून जरा अवघड होतं. 150 किलो झाला ह्या वेळी. भाऊबीजेला जागी होते.

आता जमत नाही ते. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी 256 जण घेता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. मी नवीन दर एकदाच सगळ्यांना पाठवून निवांत झाले आणि निम्म्यांना काही पोचलंच नव्हतं, मग दारात "पण ताई आम्हाला तर जुना दर माहीत होता". म्हणून आता पाकिटावरच्या स्टिकरवर क्यूआर कोड आणि खाली बारीक अक्षरात "नंबर सेव्ह करा हं" असं छापलंय. ग्रीटिंग मेसेज म्हणून एक आहे, नवीन माणसाला किंवा 14 दिवस काही बोलणं न झालेल्याला आपोआप नमस्कार जातो. तो मी बंद केला, कारण नेहमीच्या काकू तीन आठवड्यांनी "अगं आले का पैसे" विचारायच्या आणि त्यांना "आमच्याकडे आपले स्वागत आहे!" जायचं. थोडं परकं वाटतं ते.

ब्लू टिक मी बंद केल्यात. त्याने असं होतं की समोरच्याने वाचलं का ते मला पण दिसत नाही, पण त्याची फार गरज पडत नाही, ज्याला फराळ पाहिजे तो वाचतोच.

आणखी एक, तायांपैकी एकीला आता मी ऑर्डरचं काम शिकवलंय. फोनशिवाय चार ठिकाणी लिंक करता येतं, तर लेकीचा जुना लॅपटॉप स्वयंपाकघराबाहेरच्या टेबलावर ठेवलाय, ताई सकाळी 10 ते 12 तिथे बसून उत्तरं देते आणि त्या दोन तासांत मी फोनला हात लावत नाही. पहिल्या दिवशी मी तिच्या मागे उभं राहून प्रत्येक मेसेज वाचत होते. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही इथं उभ्या राहणार असाल तर मी जाऊन चकल्या पाडते." गेले मग आत. तिचं स्पेलिंग चुकतं कधी कधी, "शंकरपाळे" चे "शंकरपाळ" होतात, कोणाचं काही बिघडत नाही. उलट न्यूजर्सीवाल्या सुनेने लिहिलं की हल्ली तुमची उत्तरं फार गोड असतात.

पैशांचं विचाराल तर अ‍ॅप फुकट आहे. मोठ्या कंपन्यांसाठी जे वेगळं असतं त्याला पैसे पडतात, आपल्याला त्याची गरज नाही. दुसऱ्या सिमचा रिचार्ज तेवढा धरा.

एक स्टार कापला तो ह्यासाठी की गणेश चतुर्थीच्या सकाळी ह्यातलं काही म्हंजे काही चालत नाही. मोदक सगळ्यांना अकराच्या आत पाहिजेत, उकड आदल्या रात्री काढून ठेवता येत नाही, पारी हातानेच करायची, आणि लोक मेसेज करत नाहीत, सरळ फोन करतात. 2025 ला 27 ऑगस्टला पहाटे साडेतीनला उठले, 600 मोदक, आणि सव्वादहापर्यंत 43 मिस्ड कॉल. लेबल, कॅटलॉग, निरोप, सगळं जागच्या जागी होतं आणि कोणी बघत नव्हतं. पुढच्या गणपतीला 400 च घेणार आहे. हे म्हणतात 500 घे. बघू, अजून ठरलं नाहीये, आमच्यात बोलणी चालू आहेत.